पाणबुड्या आणि अण्वस्त्रांची जरब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. तास संपल्यावर, वाचनालयातील व्याख्यानानंतर किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या मैदानावर पाणबुड्यांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आले, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या ठिकाणी अर्धवट माहिती घोटाळा करते.

खान्देशात समुद्र नाही. मग पाणबुड्यांचा विचार आपण कशासाठी करायचा?

जळगावहून सुरतेकडे जाणारी गाडी सुमारे तीनशे किलोमीटर धावते, तेव्हा कुठे खाडीचा वारा लागतो, आणि आपल्यापैकी अनेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुंबईला गेल्यावरच. तरीही आपल्या तापीला समुद्र परका नाही. भुसावळच्या रेल्वेपुलाखालून वाहणारे पाणी जिथे अरबी समुद्राला मिळते, त्या मुखाशी हजीरा आहे, आणि ‘अरिहंत’ या भारताच्या पहिल्या स्वदेशी अणुपाणबुडीच्या पोलादी कवचाचे भाग लार्सन अँड टुब्रोने हजीऱ्यातच घडवले. आपण ज्या नदीकाठी केळी पिकवतो, तिच्याच दुसऱ्या टोकाला हे काम झाले, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. अण्वस्त्रांच्या बाबतीत किनाऱ्यावरचा मुलूख आणि आतला मुलूख असा भेद उरत नाही. भुसावळ हे मोठे रेल्वे जंक्शन आहे, भुसावळ आणि वरणगाव येथे आयुधनिर्माणी आहेत, दीपनगरला वीज तयार होते. युद्धाच्या नकाशावर खान्देश कोरा नाही. तेव्हा देशाला अणुहल्ल्यापासून दूर ठेवणारी जी व्यवस्था समुद्राखाली उभी केलेली आहे, तिच्याविषयी प्रश्न विचारण्याचा आपला हक्क मुंबई किंवा विशाखापट्टणमच्या नागरिकांपेक्षा तसूभरही कमी नाही.

अणुपाणबुडी म्हणजे अणुबॉम्ब वाहून नेणारी पाणबुडी का?

नाही, आणि सर्वाधिक गोंधळ याच शब्दाने होतो. ‘अणुपाणबुडी’ म्हणताना आपण इंजिनाविषयी बोलत असतो. तिच्या पोटात अणुभट्टी असते. शस्त्रे कोणती आहेत, हा वेगळा प्रश्न आहे. २०२१ साली ऑस्ट्रेलियाने अमेरिका आणि ब्रिटनशी करार करून अणुपाणबुड्या घेण्याचे ठरवले, पण त्यांवर अण्वस्त्रे नसतील. उलट, डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीवर अण्वस्त्र असू शकते, आणि इतिहासात ते होतेही.

ढोबळमानाने तीन प्रकार लक्षात ठेवावेत. पहिला प्रकार डिझेल-विद्युत पाणबुड्यांचा. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘कलवरी’ वर्गाच्या सहा पाणबुड्या याच जातीच्या आहेत. त्या पाण्याखाली बॅटरीवर चालतात आणि बॅटरी भरण्यासाठी त्यांना पृष्ठभागाजवळ येऊन, हवा ओढून घेणारी नळी वर काढून डिझेल इंजिने चालवावी लागतात. दुसरा प्रकार अणुशक्तीवर चालणाऱ्या हल्लेखोर पाणबुड्यांचा. त्या शत्रूच्या जहाजांचा आणि पाणबुड्यांचा माग काढतात. तिसरा प्रकार अणुशक्तीवर चालणाऱ्या आणि अण्वस्त्रधारी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे बाळगणाऱ्या पाणबुड्यांचा. पुढची बहुतेक उत्तरे या तिसऱ्या प्रकाराविषयी आहेत.

अणुभट्टीचे तत्त्व समजायला अवघड नाही. दीपनगरच्या वीज केंद्रात कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेने टर्बाइन फिरते. पाणबुडीत कोळशाच्या जागी समृद्ध युरेनियमच्या विखंडनातून, म्हणजे अणू फुटण्यातून, उष्णता मिळते आणि पुढची साखळी साधारण तशीच राहते. मोठा फरक असा की, कोळसा जळण्यास हवा लागते आणि विखंडनास लागत नाही. वर येण्याची सक्ती संपते, ती या एका गोष्टीमुळे. जगातील पहिली अणुपाणबुडी, अमेरिकेची ‘नॉटिलस’, १९५४ साली नौदलात दाखल झाली, आणि १९५८ च्या ऑगस्टमध्ये तिने बर्फाखालून जाऊन उत्तर ध्रुव ओलांडला. त्याआधीच्या पाणबुड्या खरे तर गरजेपुरती बुडी मारणारी जहाजे होत्या.

‘प्रतिरोध’ या शब्दाचा नेमका अर्थ काय?

‘डिटरन्स’ला आपल्याकडे प्रतिरोध म्हणतात. मला ‘जरब’ हा जुना शब्द अधिक नेमका वाटतो, कारण प्रतिरोधात अडवण्याचा भास आहे आणि अण्वस्त्र काहीही अडवत नाही. येणारे क्षेपणास्त्र ते थोपवू शकत नाही. ते ढाल नव्हे. हल्ला करणाऱ्याला आधीच कळून चुकावे की, आपण कितीही मोठा घाव घातला तरी उलट घाव बसल्यावाचून राहणार नाही आणि तो सोसवणार नाही, म्हणून त्याने हात उचलूच नये, एवढाच त्याचा उपयोग. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच जरब बसते : शस्त्र असले पाहिजे, पहिल्या घावातून ते वाचले पाहिजे, आणि ते वाचेल यावर समोरच्याचा विश्वास असला पाहिजे.

जमिनीवरची क्षेपणास्त्रे आणि विमाने असताना पाणबुडी कशाला हवी?

या सगळ्या विषयाचे मर्म या प्रश्नात आहे.

क्षेपणास्त्रांचे तळ आणि विमानतळ उपग्रहांना दिसतात. जी जागा दिसते, ती नेम धरून उद्ध्वस्त करता येते. फिरत्या वाहनांवरची क्षेपणास्त्रे लपवता येतात, पण रस्ते आणि बोगदे शेवटी मोजकेच असतात. म्हणजे संकटाच्या घटकेला राज्यकर्त्यांच्या मनात एक धास्ती घर करते की, आपली अस्त्रे आत्ता डागली नाहीत तर ती उभ्या जागी नष्ट होतील आणि मग हातात काहीच उरणार नाही. ही धास्ती अण्वस्त्रांइतकीच घातक आहे, कारण ती माणसाला घाई करायला लावते.

घाई किती महाग पडू शकते, याचे उदाहरण २६ सप्टेंबर १९८३ चे आहे. सोव्हिएत संघाच्या इशारा केंद्रात अमेरिकेची क्षेपणास्त्रे सुटल्याचे यंत्रांनी दाखवले. कर्तव्यावर असलेले अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी तो इशारा खोटा ठरवला आणि वरिष्ठांना तसे कळवले. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता, हे पुढे उघड झाले. त्या रात्री पेत्रोव यांच्या हाताशी होती ती थोडी मिनिटे.

समुद्रात दडलेली पाणबुडी अशा वेळी राज्यकर्त्याला घाई न करण्याची मोकळीक देते. इशारा खरा असला, पहिला घाव बसला, राजधानी बेचिराख झाली, तरी प्रत्युत्तराची शक्ती समुद्रात शाबूत आहे, ही खात्री असेल तर यंत्रावर दिसलेल्या ठिपक्यावरून लगोलग निर्णय घेण्याचे कारण उरत नाही. थांबता येते, पडताळून पाहता येते, दुसऱ्या बाजूशी बोलता येते. पाणबुडीकडे लोक तिच्या संहारशक्तीमुळे आश्चर्याने पाहतात. माझ्या मते तिचे खरे मोल तिने मिळवून दिलेल्या वेळेत आहे. शास्त्रीय भाषेत याला ‘दुसऱ्या आघाताची क्षमता’ म्हणतात. जमीन, आकाश आणि समुद्र या तिन्ही ठिकाणांहून अण्वस्त्र वापरता येण्याच्या रचनेला ‘ट्रायड’ म्हणतात, आणि तिच्यातील समुद्राचा पाय सर्वांत भक्कम मानला जातो तो यामुळेच.

भारतासाठी ही गोष्ट इतरांहून अधिक महत्त्वाची आहे. ४ जानेवारी २००३ रोजी सरकारने आपल्या अण्वस्त्र धोरणाचा गोषवारा प्रसिद्ध केला. त्यात विश्वासार्ह किमान प्रतिरोध राखणे, अण्वस्त्राचा पहिला वापर न करणे, आणि हल्ला झाल्यास प्रचंड प्रत्युत्तर देणे, ही सूत्रे आहेत. मोठा जैविक किंवा रासायनिक हल्ला झाल्यास अण्वस्त्राने उत्तर देण्याचा पर्याय मात्र त्यात राखून ठेवला आहे. पहिला वापर करणार नाही, असे वचन देणाऱ्या देशाने पहिला घाव सोसण्याची तयारी ठेवली पाहिजे. घाव सोसूनही उत्तर देता येत नसेल, तर ते वचन पोकळ ठरते. पाणबुडी नसलेल्या भारताच्या वचनाला वजन कमी होते.

उपग्रहांच्या काळात एवढी मोठी पाणबुडी सापडत कशी नाही?

प्रकाश समुद्रात फार खोल जात नाही आणि रडारच्या लहरी तर खाऱ्या पाण्यात शिरताच विरतात. पाण्यात दूरवर पोहोचतो तो फक्त ध्वनी. त्याचा वेग पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक असतो. म्हणून पाणबुडी शोधणे म्हणजे ऐकणे, आणि लपणे म्हणजे आवाज न करणे. पंप, गिअर, पंखा, पडलेला पाना, आपटलेले दार, यांतले काहीही तिला पकडून देऊ शकते. यंत्रे रबराच्या बैठकींवर ठेवतात, कवचावर ध्वनी शोषणाऱ्या फरशा बसवतात, पंख्याच्या पात्यांचा आकार अत्यंत गुप्त राखतात.

समुद्र स्वतःही पाणबुडीला साहाय्य करतो. वरचे पाणी कोमट आणि खालचे थंड असते, आणि जिथे तापमान झपाट्याने बदलते त्या थरापाशी ध्वनीची वाट वाकते. त्या थराखाली पाणबुडी गेली की वरच्या जहाजाच्या सोनारला, म्हणजे ध्वनीवरून शोध घेणाऱ्या यंत्रणेला, ती ऐकू येईनाशी होऊ शकते. बंगालच्या उपसागरात आणखी एक गोष्ट आहे : गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी आणि गोदावरी या नद्या तिथे इतके गोडे पाणी ओततात की क्षारांचेही थर तयार होतात आणि ऐकणाऱ्याचे काम अधिक कठीण होते.

पाणबुडी किती शांत असते, याची साक्ष २००९ च्या फेब्रुवारीत मिळाली. ब्रिटनची ‘व्हॅनगार्ड’ आणि फ्रान्सची ‘त्रिओंफां’ या दोन अण्वस्त्रधारी पाणबुड्या अटलांटिक महासागरात पाण्याखाली एकमेकींवर घासल्या. दोन्ही मित्रराष्ट्रांच्या होत्या, दोन्हींवर अव्वल दर्जाचे सोनार होते, आणि धडक बसेपर्यंत कोणीही कोणाला ऐकले नव्हते. फ्रेंच नौदलाला सुरुवातीला वाटले की आपली पाणबुडी बुडालेल्या कंटेनरला लागली असावी. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही.

खोल पाण्याचा दाब किती असतो? पाणबुडी चेपत कशी नाही?

ठिबक सिंचन करणाऱ्या शेतकऱ्याला हे वर्गातल्या मुलापेक्षा लवकर समजते. फिल्टरजवळच्या गेजचा काटा ‘एक किलो’ दाखवतो, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर एक किलोग्रॅम भार. तेवढाच दाब दहा मीटर पाण्याखाली वाढतो. दुकानात पीव्हीसीचा पाइप घेताना आपण ‘चार किलोचा की सहा किलोचा’ असे विचारतो. सहा किलोच्या पाइपवर लिहिलेला दाब म्हणजे साठ मीटर पाण्याच्या स्तंभाचा दाब. आता तीनशे मीटरचा हिशेब करा. तो तीस किलो होतो, म्हणजे एका चौरस मीटरवर तीनशे टन. पाइपला हा दाब आतून सोसायचा असतो, पाणबुडीच्या कवचाला बाहेरून, आणि बाहेरचा दाब गोलाईतला जरासा दोषही शोधून काढतो. म्हणून कवचाची कडी जवळजवळ निर्दोष गोल असावी लागतात आणि जोडणीची प्रत्येक शिवण तपासली जाते. हजीऱ्यातील कामाचे महत्त्व येथे लक्षात यावे.

‘अरिहंत’विषयी खात्रीची माहिती कोणती?

अणुपाणबुडीचा प्रकल्प ‘ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी व्हेसल’ या नावाने अनेक वर्षे गुप्तपणे चालला. १९८८ ते १९९१ या काळात सोव्हिएत संघाकडून भाड्याने घेतलेली ‘चक्र’ ही अणुपाणबुडी आपल्या नौसैनिकांनी चालवली, आणि अणुभट्टीसह समुद्रात राहण्याचा अनुभव तिथे मिळाला. अणुभट्टी भाभा अणुसंशोधन केंद्राने उभी केली. तमिळनाडूतील कल्पक्कम येथे तशीच भट्टी जमिनीवर चालवून पाहण्यात आली. वाफेच्या टर्बाइनला जोडलेल्या गिअरबॉक्ससारखी अवजड कामे पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्याने केली. खासगी आणि सरकारी कारखान्यांनी मिळून केलेले एवढे किचकट काम आपल्याकडे फार थोडे आहे.

२६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणम येथे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत गुरशरण कौर यांनी नारळ फोडून पाणबुडीचे जलावतरण केले. १० ऑगस्ट २०१३ रोजी तिची अणुभट्टी क्रियान्वित झाली, २०१६ मध्ये ती नौदलात सामील झाली. तिचे विस्थापन, म्हणजे ती बाजूला सारते त्या पाण्याचे वजन, सुमारे ६,००० टन आणि भट्टीची औष्णिक क्षमता सुमारे ८३ मेगावॅट असल्याचे सांगितले जाते. ५ नोव्हेंबर २०१८ रोजी, धनत्रयोदशीच्या दिवशी, तिने पहिली प्रतिरोध-गस्त पूर्ण केल्याचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जाहीर केले. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी तिने बंगालच्या उपसागरात बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. दुसरी पाणबुडी, ‘अरिघात’, २९ ऑगस्ट २०२४ रोजी दाखल झाली.

नावाविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ‘अरिहंत’चा शब्दशः अर्थ शत्रूंचा नाश करणारा. खान्देशातील जैन कुटुंबांत मात्र हा शब्द रोजच्या णमोकार मंत्रातला आहे, आणि तिथे अरिहंत म्हणजे ज्याने क्रोध, मान, लोभ हे आतले शत्रू जिंकले तो. अशा नावाच्या पाणबुडीवर इतके भयंकर शस्त्र आहे, म्हणून ते चालवणाऱ्यांकडून संयमाची अपेक्षाही तितकीच मोठी असली पाहिजे.

आपल्या पाणबुडीवरील क्षेपणास्त्रे किती दूर जातात?

‘के-१५’चा पल्ला सुमारे ७५० किलोमीटर, तर ‘के-४’चा सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘अरिघात’वरून ‘के-४’ची चाचणी झाली. पल्ला हा केवळ मानाचा आकडा नाही. ७५० किलोमीटरच्या क्षेपणास्त्रासाठी पाणबुडीला परक्या किनाऱ्याच्या बरेच जवळ, म्हणजे शोध घेणाऱ्या जहाजांच्या आणि विमानांच्या गर्दीत जावे लागते. ३,५०० किलोमीटर मिळाले की ती आपल्याच किनाऱ्यालगतच्या, आपल्या नौदलाच्या पहाऱ्यातील पाण्यात थांबू शकते. अमेरिकेच्या ‘ट्रायडंट’चा पल्ला ७,००० किलोमीटरहून अधिक आहे.

पाण्याखालून क्षेपणास्त्र उडते कसे?

उभ्या नळीतून ते दाबाखालील वायूने बाहेर ढकलले जाते, आणि त्याचे मुख्य इंजिन नळीच्या बाहेर पडल्यावर पेटते. पाण्याखालून बॅलिस्टिक क्षेपणास्त्र डागण्याचा मोठा टप्पा अमेरिकेच्या ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या पाणबुडीने २० जुलै १९६० रोजी गाठला. त्याच वर्षी ती पहिल्या गस्तीवर गेली, आणि आज सर्वत्र जी पद्धत आहे ती तिथून सुरू झाली.

डागण्याचा आदेश कोण देतो आणि समुद्राखाली तो पोहोचतो कसा?

भारतात हा अधिकार अण्वस्त्र आदेश प्राधिकरणाच्या राजकीय परिषदेला आहे आणि पंतप्रधान तिचे अध्यक्ष असतात. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या अध्यक्षतेखालील कार्यकारी परिषद तिला सल्ला देते आणि आदेशांची अंमलबजावणी पाहते. अस्त्रांची व्यवस्था स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांडकडे आहे. म्हणजे सेनाधिकारी अस्त्र सांभाळतात, निर्णय लोकांनी निवडलेले सरकार घेते.

संदेश पोहोचवणे हे मात्र अवघड शास्त्र आहे. नेहमीच्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात विरतात, असे वर म्हटले. अतिशय कमी वारंवारतेच्या, ३ ते ३० किलोहर्ट्झच्या लहरी मात्र पाण्यात काही मीटर शिरतात. त्यांची तरंगलांबी दहा ते शंभर किलोमीटर असते, म्हणून त्यांच्यासाठी एकराएकरांवर पसरलेल्या तारांचे आणि उंच मनोऱ्यांचे जाळे लागते. आपले असे केंद्र तमिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यात ‘कट्टबोम्मन’ या नावाने आहे, आणि तेलंगणाच्या विकाराबाद जिल्ह्यात दामगुंडम येथे दुसऱ्या केंद्राची पायाभरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. पाणबुडी लांब तार मागे सोडून हे संदेश ऐकते आणि स्वतः गप्प राहते, कारण उत्तर दिले की ठिकाण उघड होण्याचा धोका असतो. विकाराबाद समुद्रापासून जवळ नाही, हे आपल्यासारख्या आतल्या मुलखातील वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे.

ब्रिटनमध्ये वेगळी प्रथा आहे. देशाचे सरकारच नष्ट झाले तर काय करावे, याची सूचना नवा पंतप्रधान स्वतःच्या हाताने लिहितो. ती पत्रे बंद पाकिटात पाणबुड्यांवर राहतात आणि त्याचा कार्यकाळ संपला की न उघडता नष्ट केली जातात.

एखाद्या कप्तानाने स्वतःच्या मनाने अण्वस्त्र वापरले तर?

ही भीती निराधार नाही. २७ ऑक्टोबर १९६२ रोजी, क्यूबात आणलेल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेल्या पेचप्रसंगात, सोव्हिएत संघाच्या ‘बी-५९’ या डिझेल पाणबुडीला अमेरिकन जहाजांनी घेरले आणि तिला वर आणण्यासाठी इशाऱ्याचे स्फोट केले. पाणबुडीवर अण्वस्त्र बसवलेला टॉर्पेडो, म्हणजे पाण्यातून धावत जाऊन फुटणारे अस्त्र, होता. बॅटरी संपत आलेली, आत असह्य उष्मा, मॉस्कोशी संपर्क नाही. युद्ध सुरू झाले आहे असे समजून कप्तानाने टॉर्पेडो सज्ज करण्यास सांगितले आणि त्याच पाणबुडीवर असलेले अधिकारी वसिली अर्खिपोव यांनी त्याला शांत करून वर येण्यास राजी केले, असे तेथील लोकांनी पुढे सांगितलेल्या हकिगतींवरून कळते. ही पाणबुडी ज्या ‘फॉक्सट्रॉट’ वर्गाची होती, त्याच वर्गाची जुनी ‘कलवरी’ (आजच्या ‘कलवरी’ वर्गाहून वेगळी) ही भारताची पहिली पाणबुडी ८ डिसेंबर १९६७ रोजी नौदलात आली. अर्थात तिच्यावर अण्वस्त्र नव्हते.

तेव्हापासून अण्वस्त्रधारी देशांनी एकाहून अधिक अधिकाऱ्यांची संमती, संकेतांक आणि कुलपे यांची योजना केली. तरीही पाणबुडीवर माणूस दमलेला, एकटा आणि तुटलेला असू शकतो. यंत्रणेचा विचार करताना ती ‘बी-५९’ डोळ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे.

अशा पाणबुड्या आणखी कोणत्या देशांकडे आहेत?

अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन. अमेरिकेकडे ‘ओहायो’ वर्गाच्या १४ आहेत, तर ब्रिटन आणि फ्रान्सकडे प्रत्येकी ४. चीनच्या अशा पाणबुड्यांचा मोठा तळ हैनान बेटावर आहे. पाकिस्तानकडे अणुपाणबुडी नाही, परंतु ‘बाबर-३’ या पाण्याखालून सुटणाऱ्या क्रूझ क्षेपणास्त्राची चाचणी त्याने २०१७ साली केल्याचे जाहीर केले.

चार हा आकडा योगायोगाने आलेला नाही. एसटीची एक फेरी रोज न चुकता सुटायची तर आगारात एकच गाडी असून भागत नाही. एक रस्त्यावर, एक तयारीत, एक किरकोळ दुरुस्तीला, एक मोठ्या कामासाठी कार्यशाळेत, असे गणित असते. पाणबुडीचेही तसेच आहे. ब्रिटनने १९६९ पासून किमान एक पाणबुडी सतत समुद्रात ठेवली आहे, ती चार असल्यामुळे. भारताला अखंड गस्त हवी असेल, तर दोन पाणबुड्यांवर थांबता येणार नाही.

एवढी जरब असताना कारगिल आणि मुंबईवरचा हल्ला कसा झाला?

कारण अण्वस्त्राची जरब अण्वस्त्रापुरती आहे. मे १९९८ मध्ये भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या आणि पुढच्याच वर्षी कारगिलचे युद्ध झाले. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये दहशतवादी मुंबईत आले ते समुद्रमार्गाने. कोणतीही अण्वस्त्रधारी पाणबुडी हे रोखू शकत नव्हती, आणि तशी अपेक्षा करणे हा तिच्या कामाविषयीचा गैरसमज आहे. सीमेवरचा जवान, तटरक्षक दल, पोलीस आणि गुप्तवार्ता यांची जागा ती घेत नाही. म्हणूनच अणुपाणबुडीवर होणाऱ्या प्रचंड खर्चामुळे ही इतर कामे उपाशी राहता कामा नयेत, असे माझे ठाम मत आहे.

अपघात झाला तर किरणोत्सर्ग पसरेल का?

अपघात झाले आहेत. १९६३ साली अमेरिकेची ‘थ्रेशर’ १२९ जणांसह बुडाली. १२ ऑगस्ट २००० रोजी रशियाची ‘कुर्स्क’ टॉर्पेडोच्या स्फोटाने बुडाली आणि ११८ जण दगावले. तिच्या अणुभट्ट्या बंद झाल्या होत्या आणि पुढच्या वर्षी बहुतेक पाणबुडी वर काढण्यात आली. अणुभट्टी अणुबॉम्बसारखी फुटत नाही, पण गळती, आग आणि पाणी शिरणे हे धोके खरे आहेत. आपल्याकडे १४ ऑगस्ट २०१३ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’ या डिझेल पाणबुडीवर स्फोट होऊन १८ नौसैनिक गेले. तिथे अणुभट्टीचा संबंध नव्हता, हे मुद्दाम सांगावे लागते, कारण त्या आठवड्यात वर्गात सगळ्यांनी तोच प्रश्न विचारला होता.

पाणबुडी किती दिवस पाण्याखाली राहू शकते? आत माणसे जगतात कशी?

समुद्राच्या पाण्याचे ऊर्ध्वपातन करून पिण्याचे पाणी मिळते, पाण्याचे विद्युत अपघटन करून प्राणवायू मिळतो, आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड रसायनांनी शोषून घेतात. वीज भट्टीतून येते. मग मर्यादा उरते ती अन्नाची आणि माणसाच्या मनाची. ताजी भाजी आधी संपते, नंतर डब्यातले आणि वाळवलेले. दिवस-रात्र फक्त घड्याळावरून कळते. अमेरिकेच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांवर याच कारणासाठी नौसैनिकांच्या दोन तुकड्या असतात : पाणबुडी थकत नाही, माणसे थकतात, म्हणून एक तुकडी परतली की दुसरी तिला घेऊन निघते.

खान्देशातील मुलाला पाणबुडीवर जायचे असल्यास?

नौसैनिकांचे प्राथमिक प्रशिक्षण ओडिशातील ‘चिल्का’ येथे होते आणि पाणबुडीचे प्रशिक्षण विशाखापट्टणमच्या ‘सातवाहन’ या संस्थेत. आपल्या पैठणच्या राजवंशाचे नाव तिथे आहे. गणित आणि पदार्थविज्ञान पक्के करावे, तापीत किंवा विहिरीत का होईना पोहायला शिकावे, कान आणि दात सांभाळावेत. भरतीच्या अटी नौदलाच्या अधिकृत जाहिरातीतूनच पाहाव्यात आणि त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत.

पाणबुडी कुठे आहे, हे घरच्यांना कळते का?

नाही. आईवडिलांना नाही, पत्नीला नाही. ठिकाण माहीत असणारी माणसे जितकी कमी, तितकी पाणबुडी सुरक्षित. गस्तीच्या काळात घरी फोन येत नाही.

आमच्या गल्लीतील एका घरचा मुलगा पाणबुडीवर आहे. तो निघाला की शेजारीण ओट्यावरून अहिराणीत विचारते, “पोर्‍याना फोन उना का?” आई मान हलवते आणि मोबाइल चार्ज करून देवघराशेजारच्या फळीवर ठेवते, कारण तिथे रेंज चांगली येते. मागच्या खेपेस फोन आला तो दीड महिन्याने. कुठे होतास, असे तिने विचारले नाही. जेवलास का, एवढे विचारले, आणि मग बराच वेळ ती शेतातल्या कपाशीविषयी सांगत राहिली.